ठोक्याला जबाब

१

नळकाम करणाऱ्या माणसांची आपसात बोलायची एक रीत असते. एक जण पाणी सोडायच्या वॉलपाशी बसलेला, दुसरा पार घराच्या पलीकडच्या टोकाला न्हाणीघरात अडकलेला, आणि मधे दगडी भिंती. ओरडून घसा बसला तरी आवाज जात नाही. मग हातातल्या पान्याने पाइपावरच ठोके द्यायचे. दोन ठोके म्हणजे पाणी सोड. तीन ठोके म्हणजे बंद कर. आणि पाना पाइपावर खर्रकन ओढला, की काम झालं, मी बाहेर आलो, वॉल सोडून ये. पलीकडच्याने दर वेळी एक ठोका उलट द्यायचा. ऐकलं, एवढाच त्याचा अर्थ. हा जबाब कधी चुकवायचा नाही, असं गुरुलिंग मिस्त्रीला त्याच्या उस्तादाने पहिल्याच महिन्यात दोन थोबाडीत देऊन शिकवलं होतं.

गुरुलिंगचं घर सोलापुरात बाळीवेशीत. चाळिशी उलटलेला, अंगाने आडवा, बोलायला फटकळ, कामात चोख. त्याच्या जोडीला संगप्पा, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचा, गौरम्माचा नवरा; त्यांचं बिऱ्हाडही बाळीवेशीतच. वयाने लहान असला तरी बहिणीचा नवरा, म्हणून गुरुलिंग त्याला दाजी म्हणायचा आणि तुमी-आमी करायचा. शिव्या घालायच्या तरी तुमी लावूनच घालायचा. हे स्थळ त्यानेच शोधलं होतं. वडील वारल्यावर गौरम्माचं सगळं त्यानेच केलं, आणि बहिणीचा संसार सुखाचा आहे याचा त्याला फार अभिमान होता.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्यांना होटगीच्या पलीकडचं एक काम मिळालं. शेतातला जुना बंगला, मागे गोठा, गड्यांच्या चार खोल्या, सगळं कित्येक वर्षं बंद पडलेलं. मालकीण प्रेमलाबाई, निवृत्त हेडमास्तरीण. सासरकडून आलेल्या त्या जागेत त्यांना खेड्यातल्या मुलींसाठी वसतिगृह काढायचं होतं. जूनमध्ये पोरी येणार, त्याआधी गिलावा, कौलं आणि मुख्य म्हणजे पाणी, एवढं सगळं झालं पाहिजे. गुरुलिंगने छातीवर हात ठेवून हो म्हटलं. गवंडी आपलं काम आटोपून गेले, आणि मग या दोघांनी तिथेच पडवीत बिऱ्हाड टाकलं.

पाण्याची मात्र त्या जागेला ददात नव्हती. मागच्या टेकाडावर विहीर, विहिरीशेजारी उंच दगडी हौद. बहात्तरच्या दुष्काळात आसपासच्या विहिरींचे तळ दिसले होते, पण या विहिरीचा झरा आटला नव्हता म्हणे. हौदातून एक जाड पाइप खाली यायचा, बंगल्यामागच्या वॉलच्या खोलीतून पुढे जायचा आणि अंगणाखालच्या टाकीत उतरायचा. त्या टाकीतून मग सगळ्या घराला नळ.

२

पहिला ठोका ऐकू आला तो दिवसाढवळ्या, जेवणाच्या आधी.

दोघेही न्हाणीघरात होते. पाणी झिरपू नये म्हणून संगप्पा सांध्याला ताग गुंडाळत होता, गुरुलिंग त्यावर सफेदा थापत होता. पाइपात ठण्‌ ठण्‌ असे दोन ठोके आले. गुरुलिंगची नजर सांध्यावरच होती. उजवा हात आपसूक उठला आणि त्याने पान्याने एक ठोका देऊन टाकला.

संगप्पाचे हात थांबले. "अण्णा, कुणाला जबाब दिला?"

"कुणाला म्हंजे? तुमाला—" गुरुलिंगने मान वर केली. संगप्पा त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला होता.

दोघे उठून वॉलच्या खोलीपर्यंत जाऊन आले. दाराला बाहेरून कडी होती, तशीच होती. टेकाडावर हौदापाशी कुणी नव्हतं. विहिरीजवळच्या खोपटात राहणारी राखणदारीण चंद्रव्वा तेवढी चुलीपुढे बसून भाकरी थापत होती.

"पाइप तापलाय," गुरुलिंगने निकाल दिला. "वैशाखाचं ऊन हाय. लोखंड फुगतं, आवाज करतं. न्हायतर आत वारं अडकलं आसंल."

"बरोबर दोनच ठोके देतंय व्हय वारं?"

"दाजी, बसा खाली. वाऱ्याला भ्यालात हे तुमच्या बायकोला सांगू का?"

संगप्पा हसला आणि बसला. विषय तिथेच संपला, निदान गुरुलिंगला तसं वाटलं. पण जबाब आपण दिला, ही गोष्ट त्याच्या मनाला दुपारभर टोचत राहिली.

३

पुढचे काही दिवस ते एकेक खोली घेत गेले. स्वयंपाकघर, कोठीची खोली, मधली लांबोडकी बोळ, तिच्यापुढे बिनखिडकीचं मोरीघर. भिंती जाड, दारं बुटकी. बाहेर डोळ्यांपुढे अंधारी यावी असं ऊन, आणि आत पाऊल टाकलं की गार. एरवी माणसाला बरं वाटलं असतं. इथे मात्र गुरुलिंगला आत गेलं की कधी एकदा बाहेर येतो असं व्हायचं. स्वयंपाकघरातल्या नळाला पाणी येऊन वर्षं लोटली होती, तोटी गंजून घट्ट बसली होती. तरी तिच्याखालचा दगड ओला होता. गुरुलिंगने बोट लावून पाहिलं आणि बोट धोतराला पुसलं.

ठोके येत राहिले. ज्या खोलीत काम चालू असेल त्याच खोलीच्या पाइपात, आणि दर वेळी आधीपेक्षा जवळून. गुरुलिंगने जबाब द्यायचं बंद केलं. तसं केलं की ठोके थांबत नसत. ते पुन्हा येत, जरा थांबून पुन्हा येत, पलीकडे कुणीतरी ताटकळून बसल्यासारखे. शेवटी एकदा चिडून त्याने एक ठोका हाणला, तर लगेच शांत झालं. ही शांतता त्याला ठोक्यांपेक्षा वाईट वाटली.

आणखी एक गोष्ट होती, ती नळवाल्यालाच कळावी अशी. प्रत्येकाचा हात वेगळा असतो. संगप्पाचा पहिला ठोका जोरात पडायचा आणि दुसरा जरा हलका, उशिरा. सुरुवातीला पाइपातले ठोके नुसते ठोके होते. आठवड्याअखेरीस मात्र पहिला जोरात पडायला लागला, आणि दुसरा हलका, उशिरा.

चंद्रव्वा रोज भाकरी आणायची ती अंगणाच्या कडेला लिंबाखाली ठेवायची. तिथून पुढे पाऊल नाही. म्हातारी सत्तरीची, पण नजर अशी की अजून सुईत दोरा ओवायची. नाव बाईंकडून कळलं होतं, पण दोघेही तिला अव्वाच म्हणत.

"अव्वा, पडवीत या की," संगप्पा एकदा म्हणाला. "सावली हाय."

"हितंच बरं हाय मला."

"आदी कुणी नळाचं काम केलंय का हितं?"

"मला काय ठाव न्हाय, बाबा. माझं पाणी मी विहिरीवरनं शेंदून आणते." एवढं बोलून ती रिकामं फडकं घेऊन गेली.

त्या संध्याकाळी संगप्पा हळूच म्हणाला, "अण्णा, ऱ्हायलेलं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या. लई झालं."

गुरुलिंगलाही तेच वाटत होतं. पण ते दाजींच्या तोंडून आलं आणि त्याला राग आला. "टाकी तेवढी ऱ्हायली. आर्ध्या दिवसाचं काम. पोरी येणार हायत हितं, दाजी. बाईंना काय सांगू, पाइप बोलतोय?"

संगप्पा हत्यारं आवरायला लागला. तो मोठ्यांच्या शब्दाबाहेर जाणारा माणूस नव्हता.

४

टाकीचं काम वाईट होतं. अंगणाखाली दोन खण. तोंडातून दोर धरून मोठ्या खणात उतरायचं, आणि तिथून बुडाशी असलेल्या एका भोकातून सरपटत आतल्या लहान खणात शिरायचं. हौदाचा पाइप याच लहान खणात उघडत होता आणि नेमका तिथेच तो फुटला होता. सकाळी संगप्पा एकदा आत जाऊन पाहून आला. भोकातून निघताना त्याचे खांदे अडकले. एक हात पुढे, एक मागे, अंग तिरपं करून कसाबसा सुटला आणि वर येऊन खोकत बसला.

"अण्णा, आदी हौद मोकळा करू. मग पाण्याची भीतीच न्हाय."

शहाणपणाचं बोलणं होतं ते. कारण वर्षानुवर्षं गंजून घट्ट बसलेला वॉल त्यांनी आता मोकळा केला होता, आणि त्याचे आटे पार झिजले होते. चाक फिरवून बंद केलं तरी हात सोडला की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उलटं फिरायला लागायचं. तारेने बांधून पाहिलं, तार तुटली. लाकडाची पाचर मारली, ती सटकली. कुणीतरी चाक धरून बसल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

गुरुलिंगने टेकाडाकडे पाहिलं. गवंड्यांनी कामासाठी काठोकाठ भरून ठेवलेला हौद. बहात्तरच्या दुष्काळात तो दोन कळश्या पाण्यासाठी गौरम्माबरोबर टँकरपुढे रांगेत उभा राहिला होता, आणि सांडलेल्या पाण्यावरून बायकांची डोकी फुटताना त्याने पाहिली होती. भर वैशाखात एवढं पाणी जमिनीवर सोडून द्यायचं? त्याची जीभच उचलेना.

"पाणी वाया घालवायचं न्हाय," तो म्हणाला. "मी धरून बसतो की चाक. माझ्या हातावर इस्वास न्हाय का?"

"तसं न्हाय, अण्णा."

"मग ऐका. आज दोन ठोके न्हाईतच. दोन आले तरी मी वॉल सोडनार न्हाय. काम झालं की वर या, तोंडापाशी पाइप उघडा हाय, त्यावर पाना ओढा. मगच मी हात काढीन."

दुपारी जेवणं झाल्यावर संगप्पा चपला काढून खाली उतरला. गुरुलिंग वॉलच्या खोलीत गेला. खोली कसली, दगडी खोकंच. एक दार, कमरेइतक्या उंचीवर एक जाळी, आणि जमिनीतून वर येऊन पुन्हा जमिनीत गेलेला पाइप. त्याने भिंतीला पाय लावले, चाक दोन्ही हातांनी आवळलं आणि बसला. चाकाची ओढ त्याला मनगटात जाणवत होती.

पहिल्यांदा संगप्पाच्या छिन्नीचे बारीक आवाज आले. मग ते थांबले. मग दोन ठोके आले. पहिला जोरात, दुसरा हलका, उशिरा.

"न्हाय," गुरुलिंग स्वतःशीच म्हणाला.

पुन्हा दोन ठोके आले. त्यापाठोपाठ तीन, घाईघाईने. बंद कर. आणि लगेच पाना ओढल्याचा लांब खर्र आवाज. झालं, मी बाहेर आलो.

गुरुलिंगची बोटं सैल झाली होती. चाक इंचभर फिरलं, पाइपात पाणी फुसफुसलं आणि लगेच तीन ठोके बसले. पुन्हा तीन, मग एकामागून एक नुसते ठोके, हात मोडेपर्यंत मारावेत तसे. त्याने जिवाच्या आकांताने चाक परत आवळलं. हात मोकळे नव्हते म्हणून त्याने कपाळच पाइपावर आपटलं आणि एक ठोका दिला. ऐकलं, दाजी. ऐकलं.

ठोके थांबले. थोड्या वेळाने पुन्हा खर्र आवाज आला, अगदी सावकाश.

५

उन्हं कलली तेव्हा दारात संगप्पा उभा होता.

"अण्णा, किती वेळ झाला पाना ओढतोय! सोडा की आता. झालं काम."

गुरुलिंगला हायसं वाटलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं. अंगावर सिमेंटचे शिंतोडे, गुडघे खरचटलेले, दाजीच ते. तो हात काढणार तेवढ्यात पाइपात तीन ठोके पडले. बारीक आणि दमलेले.

दोघांनीही ते ऐकले.

"वारं हाय," संगप्पा म्हणाला. "तुमीच म्हनला न्हवं का?"

"दाजी, तोंडापाशी जाऊन खाली हाक मारा. कोन हाय बघा."

"मी हितं हाय, तितं कोन आसनार?"

"तरी बघा."

संगप्पा हलला नाही. दारातूनच त्याने हात पुढे केले. "बरं, तुमीच जाऊन बघा. द्या चाक. मी धरतो."

बोलणं अगदी सरळ होतं. गुरुलिंगने स्वतःला बजावलं, अरे, वेडा झालास की काय? डोळ्यांपुढे माणूस उभा आहे आणि तू लोखंडावर विश्वास ठेवतोस? ठोके तर पहिल्या दिवसापासून येतायत, तेव्हा टाकीत कोण होतं? उठ, चाक दे, हात झटक आणि चहा टाक. सगळं पटत होतं. पण हात चाकावरून निघत नव्हते.

"तुमी बसा हितं. मी धरतो आजून थोडा वेळ."

"अण्णा, आंधार पडंल. काम संपलं, आता घरची येश्टी चुकंल." त्याचा आवाज जरा वैतागलेला होता, घरच्या माणसाचा असतो तसा. "मी तर निघालो. गौरम्मा वाट बघत आसंल."

गुरुलिंगने चाक आणखी आवळलं.

लग्न झाल्यापासून संगप्पाने बायकोचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. त्यांच्यात ते कुणीच काढत नाही. 'घरात', 'तुमची भन', फारच झालं तर 'ती'. लग्नात सगळ्यांनी अडवून धरलं तेव्हा एकदा कसंबसं घेतलं होतं, मान खाली घालून. तिच्या थोरल्या भावासमोर असं बेधडक नाव घेण्यापेक्षा दाजींनी जीभ चावली असती.

"काय म्हनलात?" गुरुलिंगने विचारलं.

पण दारात आता कुणी नव्हतं. जाळीतून त्याला पाठ दिसली. काटेरी पायवाटेने ती एसटीच्या फाट्याकडे चालली होती. अनवाणी, काटे न बघता, एकाच चालीने.

"थांब!" गुरुलिंग ओरडला. "ए, थांब!" उठायला म्हणून त्याने अंग उचललं, चाक फिरलं, पाणी फुसफुसलं आणि पाइपात तीन ठोके पडले. तो खाली बसला.

६

चंद्रव्वा संध्याकाळची भाकरी घेऊन आली. जाळीतून गुरुलिंगला लिंबाखाली तिची सावली दिसली आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"अव्वा! अव्वा, हिकडं या! वॉलच्या खोलीत हाय मी!"

ती दचकली. चार पावलं पुढे आली आणि थांबली. "कोन?"

"मी की. मिस्त्री."

"मिस्त्री तर आत्ता गेलं." म्हातारी फाट्याकडे हात करून म्हणाली. "वाटंत भेटलं मला. भाकरी नगं म्हनलं. दाजी टाकीतच ऱ्हायलं, मी भनीला सांगून येतो म्हनलं."

"कोन भेटलं? संगप्पा की मी?"

"मिस्त्री. गुरुलिंग मिस्त्री. म्या ह्या डोळ्यांनी बगितलं." तिचा आवाज खाली आला. "मग आत कोन हाय?"

गुरुलिंगच्या लक्षात आलं, आता एकेक शब्द जपून बोलायला हवा. पण जपून बोलायला वेळ कुठे होता? पाइपातले ठोके हलके होत चालले होते. दाजी त्या भोकात खांद्यापाशी अडकलेले असणार, एक हात पुढे, एक मागे, आणि जो हात मोकळा आहे त्याने पाना मारत असणार.

"चंद्रव्वा!" तो किंचाळला. "टाकीत बघा! दाजी आत हायत, जित्ते हायत! दोर खाली सोडा! चंद्रव्वा, तुमच्या पाया पडतो!"

म्हातारी एकदम मागे सरली. इतक्या दिवसांत मिस्त्रीने तिला अव्वाशिवाय हाक मारली नव्हती.

"माझं नाव कुणी सांगितलं रं तुला?" ती म्हणाली.

"अव्वा, अव्वा, चुकलो—"

ती दाराशी आली. आत पाहिलं नाही, तोंड फिरवून आली. पदर डोक्यावरून घट्ट ओढला, चाचपत दार लोटलं आणि कडी लावली. कडीत काहीतरी अडकवल्याचाही आवाज आला. मग तोंडातल्या तोंडात शिवाचं नाव घेत ती झपझप निघून गेली. भाकरीचं फडकं लिंबाखाली तसंच राहिलं.

खोलीत अंधारलं. जाळीतून तेवढा तांबूस उजेड येत होता. गुरुलिंगच्या तळव्यांची कातडी निघाली होती. त्याने पाय भिंतीला आणखी रेटले. हात सोडले तरी दार आता बंद होतं, आणि हात सोडले तर दाजी गेले. धरायचं, एवढंच त्याच्या हाती होतं. उद्या कुणी येईल. प्रेमलाबाई रविवारी येतात. आज वार कोणता, हे काही केल्या त्याला आठवेना.

आणि घरी बाळीवेशीत गौरम्मा दिवा लावत असेल. दारावर थाप पडली की ती आतूनच विचारील, कोन? बाहेर नवरा उभा असेल, नाहीतर भाऊ उभा असेल. दोघांपैकी कुणीही असला तरी ती दार उघडणारच. का उघडणार नाही? भावाने शोधून दिलेला नवरा, आणि बापाच्या जागी असलेला भाऊ.

"गौरे," तो अंधारात म्हणाला, "गौरे, दार उघडू नगंस."

पाइपात तीन ठोके पडले. गुरुलिंगने कपाळ टेकवलं आणि एक ठोका दिला.

लांब फाट्यावर सोलापूरची एसटी येऊन थांबली. घंटी वाजली. मग गाडी निघाली, आणि तिचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.